चुना लावणारी माणसं

आपल्या भाषेनं काही गरीब बिचाऱ्यांची विनाकारण बदनामी करून ठेवली आहे. गाढवाचं उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. जन्मभर मुकाट्यानं ओझी वाहायची आणि बक्षीस काय, तर शाळेतल्या मास्तरांच्या तोंडी नाव! त्याच रांगेत मी चुन्याला उभा करीन. कुणी पैसे बुडवले, की आपण म्हणतो, ‘चुना लावला’. कुणी नासका माल गळ्यात मारला, तरी ‘चुना लावला’. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या नव्या घराची भिंत पहिल्याच पावसाळ्यात पाझरू लागली, तेव्हा तेही तावातावानं सांगत होते, “बिल्डरनं चक्क चुना लावला हो आम्हाला!” मी त्यांना शांतपणे म्हटलं, “काका, खरोखरच लावला असता तर भिंत पाझरली नसती.” तेव्हापासून ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

पण माझं म्हणणं खोटं नव्हतं. माझ्या बाजूनं साक्षीला एक भारदस्त माणूस आहे. प्लिनी नावाचा एक रोमन पंडित दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेला. जगातल्या यच्चयावत गोष्टींची माहिती एका जाडजूड ग्रंथात कोंबायची त्याला हौस होती. पुढे इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा तो आधी कुतूहलानं आणि मग लोकांना वाचवायला तिकडे गेला आणि तिथंच संपला. या प्लिनीनं लिहून ठेवलंय, की रोम शहरात घरं कोसळतात त्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे चुन्याची चोरी. चुना मधल्यामध्ये लांबवतात आणि दगड नुसतेच एकमेकांवर रचून ठेवतात. म्हणजे बघा, रोममधला ठकसेन चुना लावत नव्हता. चुना न लावणं हीच त्याची ठकबाजी होती! आपल्याकडे म्हण उलटी कधी झाली कोण जाणे.

हा विचार डोक्यात शिरला आणि मी चुन्याच्या मागे लागलो. “आजपर्यंत पानापुरता होता, आता घरभर झाला,” असं सौभाग्यवतींचं मत पडलं. ते ऐकून न ऐकल्यासारखं करून मी जे काही गोळा केलं, ते तुमच्यापुढे मांडतो.

चुना ही मुळात दगडाच्या पुनर्जन्माची गोष्ट आहे. चुनखडीचा दगड घ्यायचा आणि भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजायचा. शंभर किलो शुद्ध चुनखडी आत घातली, तर हातात येतो छप्पन्न किलो माल. उरलेले चव्वेचाळीस किलो कुणी चोरलेले नसतात. ते कार्बन डायऑक्साइड वायू होऊन धुराड्यातून निघून गेलेले असतात. उरते ती चुनकळी. दिसायला दगडच, पण स्वभाव पार बदललेला. तिच्यावर पाणी ओता, की ती फसफसते, तडतडते, वाफा सोडते. हात लावाल तर भाजून काढते. आमच्या एका आत्याचा राग असाच होता. पाच मिनिटं कुणी जवळ जायचं नाही. पुढे दिवसभर लोण्यासारखी मऊ. चुनकळीचंही तसंच होतं. पाणी पिऊन ती विरते आणि तिचा पांढराशुभ्र लगदा होतो. पानाला लावतात तो हाच.

हा लगदा वाळूत कालवून दोन दगडांच्या मधे भरला, की पुनर्जन्माचा पुढचा अंक सुरू होतो. भट्टीत गमावलेला तोच वायू चुना आता हवेतून हळूहळू परत घेऊ लागतो आणि घेता घेता पुन्हा चुनखडी होऊन बसतो. दगडापासून निघून, आगीतून आणि पाण्यातून जाऊन पुन्हा दगड! आमच्या कीर्तनकारबुवांना हा दृष्टांत अजून कसा सापडला नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

यात एकच अडचण आहे. हे सगळं फार सावकाश चालतं. हवा बाहेरून आत शिरते, तेव्हा बाहेरचा पापुद्रा आधी घट्ट होतो आणि जाड भिंतीच्या पोटातला चुना पुरता दगड व्हायला कित्येक वर्षं घेतो. बरं, भिंतीत जाण्यापूर्वीही त्याला घाई चालत नाही. विरवलेला चुना खड्ड्यात पाण्याखाली मुरत ठेवायचा, जितका जुना तितका लुसलुशीत. प्लिनी सांगतो, की तीन वर्षांपेक्षा कमी मुरलेला चुना ठेकेदारानं वापरू नये असा जुन्या काळी नियमच होता आणि म्हणून त्या काळच्या गिलाव्याला चिरा पडत नसत. आमच्याकडे लिंबाचं लोणचंसुद्धा तीन वर्षं टिकत नाही. मुरत नाही असं नव्हे, उरत नाही.

चुनखडी सगळीकडे सापडते असं नाही. आपलं दख्खनचं पठार तर काळ्या दगडाचं. फोडला तर ठिणगी निघेल, पण चुना निघायचा नाही. म्हणून देशावरचे लोक जमिनीतले चुनखडीचे खडे वेचून भाजत आणि किनाऱ्यावरचे लोक शिंपले भाजत. शिंपल्याचा चुनाही अस्सलच. समुद्रातल्या जिवानं आयुष्यभर खपून बांधलेलं घर आपण भाजायचं आणि त्यातून स्वतःचं घर बांधायचं. मुंबईत हार्बर मार्गावर चुनाभट्टी नावाचं स्टेशन आहे. रोज हजारो माणसं तिथून चढतात-उतरतात. पण ‘इथं चुन्याच्या भट्ट्या होत्या का हो?’ असं विचारत खाली उतरलेला माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. अर्थात त्या गर्दीत विचारायला जागा कुठे असते म्हणा.

भाजणं झालं, विरवणं झालं; आता मळणं. आपल्या गडकिल्ल्यांवर जाणाऱ्या मंडळींनी चुन्याची घाणी नक्की पाहिली असेल. दगडात बांधून काढलेला एक गोल चर आणि त्यात उभं राहणारं एक भलंमोठं दगडी चाक. चाकाला बैल किंवा रेडा जुंपायचा, चरात चुना, वाळू आणि पाणी घालायचं आणि त्या जनावरानं दिवसभर गोल गोल फिरत राहायचं. मावळातल्या तिकोना किल्ल्यावर अशी घाणी आजही पाहायला मिळते. ट्रेकिंगला येणारी तरुण मुलं तिच्या चाकाला टेकून फोटो काढतात आणि बुरुज बघायला वर पळतात. खरं तर बुरुज आधी या चरात तयार झाला, मग तिकडे जाऊन उभा राहिला. पण घाणीसमोर दोन मिनिटं गप्प उभं राहावं असं कुणाला वाटत नाही. बुरुजाला नाव असतं, दरवाजाला नाव असतं, तोफेलासुद्धा नाव असतं. घाणीच्या रेड्याला कुणी विचारत नाही. ज्ञानेश्वरांच्या रेड्यानंतर महाराष्ट्रानं रेड्याची दखल घेतलीच नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

आता येतो मसाल्याचा भाग. चुन्याचा विषय काढा आणि समोरचा माणूस कुठल्या गावचा आहे ते विसरा. तो एक तरी गुप्त कृती सांगणारच. “आमच्या वाड्याच्या चुन्यात अंडी घातली होती, दहा हजार!” “आमच्या वेशीच्या चुन्यात दूध होतं.” माझे एक काका तर आमच्या पणजोबांच्या घरात गूळ, तूप आणि वेलदोडे घातले होते असं शपथेवर सांगत. मला ते बांधकाम कमी आणि सत्यनारायणाचा प्रसाद जास्त वाटे. त्या घराच्या भिंतीला मुंग्या कशा लागल्या नाहीत, हे मी लहानपणी विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही, धपाटा मिळाला.

पण सगळंच थोतांड नाही हं! गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, उडदाची डाळ या गोष्टी आपल्या देशात चुन्यात खरोखर घालत आणि जुन्या इमारतींची दुरुस्ती करणारे जाणकार आजही घालतात. त्यामागे कारण आहे. गुळातली साखर चुन्याला पाण्यात जास्त विरघळू देते आणि तो आवळायला वेळ लावते. गवंड्याला काम करायला सवड मिळते. उडदाचा चिकटपणा माल एकजीव धरून ठेवतो. आपण उडदाचे पापड लाटतो तेव्हा हाच गुणधर्म मनगटाला कळतो. फक्त प्रमाण बेताचं हवं. भाजीत मीठ असतं तसं. मिठानं भाजीला चव येते, पण नुसत्या मिठाची भाजी होत नाही. गुळानं भिंत उभी राहिली असती तर कोल्हापूरला एकही घर पडलं नसतं.

या बाबतीत चिनी लोक आपले सख्खे भाऊ. त्यांनी चुन्यात चिकट तांदळाची पेज घातली. त्या मालानं बांधलेले मिंग राजवटीतले तट आजही उभे आहेत. २०१० मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी त्याची फोड करून दाखवली, की तांदळातला एक विशिष्ट स्टार्च चुन्याच्या स्फटिकांना बेसुमार वाढू देत नाही. ते बारीक आणि घट्ट राहतात, म्हणून माल बळकट होतो. आमच्या घरी भाताची पेज काढून टाकतात त्यांनी यावर विचार करावा. आणि आपल्या वेरूळच्या लेण्यांतली हकीकत तर आणखी रंगतदार आहे. तिथल्या मातीच्या गिलाव्यात चुन्याबरोबर भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले आहेत, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आलं. भांगेचे तंतू गिलावा धरून ठेवतात आणि किडे दूर राहतात, असं ते संशोधक म्हणतात. भिंतींनी भांग घ्यावी आणि पंधराशे वर्षं अढळ राहावं, माणसांनी घ्यावी आणि होळीच्या दिवशी गटारात सापडावं. गुण वस्तूचा नसतो, घेणाऱ्याचा असतो.

या मसाल्यांपेक्षा फार मोठा शोध वेगळाच होता आणि तो पाण्याशी निगडित होता. नुसता चुना हवेत घट्ट होतो, पाण्यात होत नाही. मग विहीर कशी बांधायची? हौद, पूल, बंदर कसं बांधायचं? उत्तर अगदी साधं निघालं. चुन्यात भाजलेली माती घाला. आपले गवंडी भाजक्या विटांची पूड घालत. तिला म्हणतात सुर्खी. रोमन लोकांना नेपल्सजवळ पोत्सुओली गावी ज्वालामुखीनं आयती भाजून ठेवलेली राख मिळाली. त्या गावावरून तिला पोझोलाना म्हणतात. अशी भाजकी माती चुन्याशी जी गट्टी करते, तिला हवा लागत नाही. ती पाण्याखालीसुद्धा घट्ट होते.

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात विट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुकारानं याची प्रमाणं लिहून ठेवली आहेत. खाणीतली वाळू असेल तर तीन भाग वाळूला एक भाग चुना; नदीची किंवा समुद्राची असेल तर दोनास एक, आणि त्या वाळूत तिसरा हिस्सा कुटून चाळलेल्या भाजक्या विटेचा घातलात तर उत्तमच. आमच्या आजीच्या पाककृतीत ‘अंदाजानं’ हे एकच माप असे, त्या मानानं विट्रुव्हियस बराच काटेकोर. चुना आणि ज्वालामुखीची राख यांच्या काँक्रीटमधून रोमन लोकांनी इ. स. १२६च्या सुमारास पँथिऑन मंदिराचा घुमट उभा केला. आतून त्रेचाळीस मीटर रुंद, लोखंडाची एक सळई नाही, आणि अजून डोक्यावर आहे. आपल्याकडे विजापूरला १६५६ मध्ये वारलेल्या मुहम्मद आदिलशहाच्या कबरीवरचा गोलघुमट विटा आणि चुन्याचाच. लोक तिथं जाऊन ‘ओऽ’ करून ओरडतात आणि घुमट ती हाक पुन्हा पुन्हा परत करतो. इतकी शतकं शाळांच्या सहली सोसणं हीसुद्धा बांधकामाच्या मजबुतीची एक परीक्षाच म्हणायची.

पाण्यातल्या चुन्याची सर्वांत झकास गोष्ट मात्र इंग्लंडमधली आहे. प्लिमथच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात एडिस्टन नावाचा खडक आहे. त्यावर पहिला दीपस्तंभ बांधला तो १७०३ च्या वादळात बांधणाऱ्यासकट वाहून गेला. दुसरा लाकडाचा होता, तो १७५५ मध्ये जळला. पाण्यात उभी असलेली वस्तू जळून जावी, याला काय म्हणावं! तिसऱ्या खेपेला जॉन स्मीटन नावाच्या इंजिनिअरला बोलावलं. यानं आधी दगडाचा नव्हे, चुन्याचा विचार केला. ठिकठिकाणचा चुना आणून त्याचे गोळे करायचे आणि पाण्यात टाकून बघायचे, कुठला टिकतो! तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की अगदी शुद्ध चुनखडीपेक्षा ज्या चुनखडीत चिकणमातीची भेसळ आहे तिचा चुना पाण्यात चांगला आवळतो. तोपर्यंत जगात समजूत होती, की चुनखडी जितकी शुद्ध आणि कठीण तितका चुना चांगला. सोवळ्याओवळ्याचा हा बिमोड आम्हाला फार आवडला. स्मीटननं वेल्समधला असला मातकट चुना घेतला, त्यात इटलीहून आणलेली पोझोलाना निम्मी मिसळली आणि १७५९ मध्ये दीपस्तंभ पेटला.

पुढची गंमत ऐका. शंभरावर वर्षं तो स्तंभ लाटा खात उभा राहिला आणि मग तो काढावा लागला. का? स्तंभ खिळखिळा झाला म्हणून नव्हे; त्याच्याखालचा खडक झिजत चालला म्हणून! माणसानं केलेला सांधा टिकला आणि देवानं केलेला दगड दमला. १८८२ मध्ये शेजारी नवा दीपस्तंभ उभा राहिला. लोकांनी स्मीटनचा वरचा भाग उतरवून प्लिमथच्या टेकडीवर पुन्हा उभा केला. खालचं थोटूक उतरवण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही. ते अजून समुद्रातच आहे.

आपल्याकडचा या जातीचा दाखला आठवला, की मात्र गंमत करवत नाही. पुण्याजवळचं खडकवासला धरण १८७९ सालचं, दगड आणि चुन्यात बांधलेलं. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी वरचं पानशेतचं मातीचं धरण फुटलं आणि ते सारं पाणी खडकवासल्यावर येऊन आदळलं. माथ्यावरून पाणी वाहत असतानाही ऐंशीहून जास्त वर्षांचं ते बांधकाम काही तास उभं राहिलं आणि मग फुटलं. पुण्याचं पुढे काय झालं ते पुणेकरांना सांगायला नको. त्या पुराच्या आठवणीत धरण फुटल्याचं सगळे सांगतात. ते काही तास उभं राहिलं होतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

इतका गुणी चुना मग गेला कुठे? त्याला सिमेंटनं उठवलं. १८२४ मध्ये लीड्स गावच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या एका गवंड्यानं ‘पोर्टलंड सिमेंट’चं पेटंट घेतलं. चुनखडी आणि चिकणमाती एकत्र भाजायची, ही स्मीटनच्या शोधाचीच पुढची पायरी. म्हणजे सिमेंट हे चुन्याचंच नातवंड. पण नातवंडाची घाई आजोबांना कशी असणार! आज लावा, उद्या घट्ट, महिन्याभरात दगड. आपल्याकडे १९१४ मध्ये पोरबंदरला सिमेंट निघू लागलं आणि बघता बघता घाण्यांचे बैल मोकळे झाले. यात सिमेंटला नावं ठेवण्यासारखं काही नाही. उंच इमारती, मोठे पूल हे त्याचंच काम. तिथं चुना मुरत बसला असता तर मुंबई अजून दोन मजल्यांवरच असती.

भांडण सुरू होतं ते नातवंड आजोबांचे कपडे शिवायला बसतं तेव्हा. जुन्या भिंतीतला चुना विटेपेक्षा, दगडापेक्षा मऊ असतो. उन्हानं भिंत फुगली, थंडीनं आखडली, जमीन जराशी खचली, की तो सगळा ताण मऊ सांधा पोटात घेतो. भिंतीत ओल शिरली तर ती चुन्यातून श्वासासारखी बाहेर पडते. पावसाच्या पाण्यात थोडासा चुना विरघळतो आणि केसाएवढ्या भेगेत जाऊन पुन्हा बसतो. भिंत आपली जखम आपणच भरते. सिमेंट तसं नाही. ते कठीण, अंग न हलवणारं, ओल कोंडून ठेवणारं. जुन्या सांध्यात ते भरलं, की ताण विटेवर जातो आणि कोंडलेलं पाणी विटेतून वाट काढतं. जाताना क्षार सोडून जातं. भिंतीला लोणा लागतो आणि विटेचे पोपडे निघतात. थोडक्यात, सांधा शाबूत राहतो आणि वीट मरते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, रोगी दगावला, असं डॉक्टर म्हणतात ना, त्यातलाच प्रकार.

हे प्रकार लहानसहान नाहीत. दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्याची २००७ ते २०१३ या काळात मोठी दुरुस्ती झाली. तेव्हा छपरावर विसाव्या शतकात थापलेलं सुमारे दहा लाख किलो सिमेंट काँक्रीट उतरवावं लागलं. बादशहाची झोप किती गाढ असेल याची कल्पना यावरून यावी. गोव्याची तऱ्हा याहून निराळी. जुन्या गोव्यातलं बॉम जेझुस चर्च १६०५ मध्ये पुरं झालं. भिंती जांभ्या दगडाच्या आणि वर चुन्याचा गिलावा. १९५० च्या दशकात पोर्तुगीज अमलातल्या एका वास्तुतज्ज्ञानं तो गिलावा खरवडून काढवला, इमारत आणखी प्राचीन दिसावी म्हणून! आता तो उघडा जांभा गोव्याच्या पावसात वर्षानुवर्षं झिजतोय आणि गिलावा पुन्हा चढवावा की नाही, यावर वाद घातले जातात. कारण मधल्या दोन पिढ्यांना तो तांबडा रंगच खरा वाटू लागला. म्हातारं दिसण्यासाठी सदरा काढला आणि न्यूमोनिया झाला.

आता तुम्ही म्हणाल, की जुनं ते सगळं सोनंच का? मुळीच नाही. आपल्याला जुन्या इमारती भक्कम दिसतात, कारण ज्या कच्च्या होत्या त्या कधीच पडल्या. त्या काही ‘आम्हीही चुन्याच्याच होतो बरं का’ म्हणून सांगायला आलेल्या नाहीत. वाईट भाजलेला, उतावळेपणानं लावलेला चुना पूर्वीही दगा देई. नाही तर प्लिनीला तक्रार करायचं कारण काय होतं? टिकला तो नीट भाजलेला, नीट मळलेला आणि दर पिढीनं सांधे भरून जपलेला चुना. त्यातही अजून नवं काही सापडतंच आहे. रोमन काँक्रीटमध्ये पांढरे खडे दिसत, ते मजुरांच्या हलगर्जीपणाचे अशी समजूत होती. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सांगितलं, की ते खडे म्हणजे चुनकळी गरमागरम कालवल्याची खूण असून भेग पडून पाणी आत आलं, की तेच विरघळून भेग बुजवतात. आमच्या उपम्यातल्या गाठींचंही असंच काही स्पष्टीकरण निघावं, या आशेवर आम्ही आहोत.

हे सगळं मला गावच्या देवळामुळे कामी आलं. देऊळ पेशवाईतलं. खाली काळा दगड, वर विटा-चुन्याचं शिखर, आणि शिखरावर चुन्यातच घडवलेले छोटे छोटे ऋषी, मोर आणि एक हत्ती. काही वर्षांपूर्वी जीर्णोद्धार समितीनं शिखराला सिमेंटचा गिलावा करायचं ठरवलं. पश्चिमेची बाजू झाली आणि निधी संपला. देवाची लीला अशी, की चार पावसाळ्यांनंतर पश्चिमेचे ऋषी सिमेंटसकट ढलप्यांनी खाली येऊ लागले. पूर्वेचे ऋषी मात्र शेवाळलेले, पण जागच्या जागी. निधीच्या तुटीनं एवढी मोठी कलासेवा केल्याचं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

यंदा कुणा दात्यानं पूर्वेची बाजूही ‘पक्की’ करून द्यायची तयारी दाखवली आणि समितीची बैठक बसली. मी वर लिहिलेलं बरंचसं तिथं बोललो. प्लिनीपर्यंत लोकांनी ऐकून घेतलं, विट्रुव्हियसला दोघांनी जांभया दिल्या. तेवढ्यात मागे भिंतीला टेकून बसलेले म्हातारे गवंडीमामा उठले. त्यांच्या वडिलांनी आणि आज्यानं या देवळाच्या दर्जा भरलेल्या.

“मी काय म्हनतो,” ते म्हणाले, “सांधा नेहमी विटंपेक्षा मऊ पायजे. घर हाललं तर सांध्यानं सोसावं. सांधा काय, पुन्यांदा भरता येतो. ह्यो हत्ती पुन्यांदा कुठनं आनणार?”

दोन हजार वर्षांचं जे मला अर्ध्या तासात सांगता आलं नाही, ते मामांनी चार वाक्यांत उरकलं. ठराव झाला. चुन्यातच काम करायचं, पश्चिमेचं सिमेंट हलक्या हातानं उतरवायचं. देवळामागे खड्डा खणला, चुनकळी आणली, पाणी सोडलं. दोन दिवस वाफा निघत होत्या आणि गावातली पोरं काठावर बसून होती.

परवा अध्यक्षसाहेब खड्ड्यापाशी आले. उद्घाटनाला पाहुणे ठरवायचे होते, पत्रिका छापायच्या होत्या. त्यांनी वाकून त्या पांढऱ्या लगद्याकडे पाहिलं आणि विचारलं, “काय मामा, रामनवमीपर्यंत होईल ना?”

“हुईल की,” मामा म्हणाले. मग काठी घालून चुना सावकाश ढवळत त्यांनी विचारलं, “कुठल्या सालच्या?”